ताई, पोरगी एबीसीडी लिहायला बसतच नाही!

ॲडमिशनचा सीझन आला की माझा फोन दुपारीच चार्जिंगला लावावा लागतो. यावेळी आलेल्या मेसेजमधले निम्मे तर एकाच प्रश्नाचे आहेत, गाव फक्त वेगळं. नावं छापत नाही, गावं छापते, कारण गाव कळलं की घरात काय सामान असेल, दारात काय असेल, आजी कोणत्या बोलीत बोलत असेल याचा अंदाज येतो आणि उत्तर हवेत जात नाही. मी स्वतः अंगणवाड्यांच्या सुपरव्हिजनमध्ये आयुष्य काढलंय, आधी सायकलवर मग एम एटी गाडीवर, त्यामुळे जे सांगते ते बरंचसं पोरांकडूनच शिकलेलं आहे.

प्रश्न (चोपडा): ताई नमस्कार. मुलगी ३ वर्षं ४ महिन्यांची, इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत आहे. रोज दोन पानं होमवर्क असतो, ए टू झेड आणि वन टू फिफ्टी. ती पेन्सिल मुठीत धरते, दोन ओळी झाल्या की रडते, परवा तर वहीच फाडली. मिस म्हणतात घरी प्रॅक्टिस कमी पडते. सासूबाई म्हणतात जावेचा मुलगा याच वयात शंभरपर्यंत लिहायचा. मला हात उगारावासा वाटतो पण उगारत नाही. काय करू?

उत्तर: हात उगारत नाही ना, मग अर्धं काम झालंय. आता तिच्या हाताबद्दल बोलू.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात. तुमच्या मुलीच्या मनगटाचा एक्सरे काढला (काढू नका हं, उदाहरण देतेय) तर त्यातली दोन-तीनच दिसतील, बाकीची अजून मऊ कूर्चा आहे, एक्सरेत दिसतच नाही, ती एकेक करत हाड बनत जाते आणि शेवटचं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी तयार होतं. म्हणजे ती मुठीत पेन्सिल धरते तो हट्टीपणा नाहीये, तिच्याकडे सध्या जेवढा हात आहे त्या हाताने ती धरतेय. तुमच्याकडे केळीची बाग असेल नाहीतर शेजारी तरी असेलच, केळी निसवायला जेवढे महिने लागायचे तेवढे लागतात, तिसऱ्या महिन्यात युरियाची अजून एक गोणी टाकली म्हणून कुणाला घड मिळालाय का.

आणि दुसरी गोष्ट, जी नर्सरीवाल्यांना कुणी सांगत नाही का काय कोण जाणे. पोरं आकार एका ठरलेल्या क्रमाने काढायला शिकतात. आधी नुसत्या रेघोट्या, मग उभी रेघ, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन आणि त्रिकोण पाचच्या पुढे, कारण तिरपी रेघ सगळ्यात अवघड. आता कॅपिटल ए बघा, दोन तिरप्या रेघा आणि वर त्यांना टोकाला भेटवायचं! के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स सगळीकडे तिरप्या. जी पोरगी आत्ता कुठे गोल बंद करायला लागलीय तिला आपण पहिलंच अक्षर असं देतो आणि मग म्हणतो ही लिहीत नाही. आपला अ काही सोपा नाही त्याहून, मराठी मीडियमवाल्यांनी खूश होऊ नये.

मग हात तयार कसा होतो तर लिहून नाही होत, घरातल्या कामातून होतो. तुरीच्या शेंगा सोलायला बसवा, शेंगदाण्याची टरफलं काढायला द्या, कपाशीच्या बोंडातली सरकी वेगळी करायला द्या, कणकेचा गोळा देऊन बट्टी वळायला सांगा, ती वाकडी होईल पण भाजली की तीच खाईल, उन्हाळ्यात पापड-बिबड्यांचा घाट घालाल तेव्हा लाट्या मोजून ताटात ठेवायचं काम तिचं. कपडे वाळत घालताना चिमटे तिच्याकडे द्या, चिमटा दाबायला अंगठा आणि दोन बोटं लागतात आणि पेन्सिल धरायला पण तीच तीन बोटं लागतात. खडू द्यायचा तर लांब नको, तुकडा द्या, बोटभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. आणि अंगणात मोठ्ठं काढू दे, खांद्यापासून हात फिरला पाहिजे, बोटांचं कौशल्य खांद्याकडून खाली येत येत येतं.

शाळेचं काय. तुम्ही डायरीत सरळ लिहा की आम्ही घरी लिहून घेणार नाही, गोष्ट वाचून दाखवू. घाबरू नका. केंद्राचा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा २०२२ च्या ऑक्टोबरात आला, ३ ते ८ वर्षांचा तो, त्यात ३ ते ६ च्या मुलांना ठरवून दिलेलं पाठ्यपुस्तकच नसावं असं आहे, खेळ, गाणी, गोष्टी, वस्तू हाताळणं हाच अभ्यास. मात्र एकट्या जाऊ नका, चार आया मिळून जा. मी कितीतरी शाळांत बघितलंय, मॅडम म्हणतात पालकांनाच वही भरलेली हवी असते आणि पालक म्हणतात शाळाच मागते, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये वही त्या पोरीची भरते.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझ्या मोठ्याला चौथ्या वर्षी मी पाटीवर बाराखडी गिरवायला बसवायचे, लोक म्हणतील बाई दुसऱ्यांना सांगते आणि हिचाच मुलगा मागे. एक दिवस पाटीच गायब. पावसाळ्याआधी ज्वारीची कणगी झाडली तेव्हा तळाशी सापडली. त्याने लपवली होती, आणि मी आख्ख्या गल्लीवर संशय घेतला होता.

प्रश्न (चाळीसगाव): मुलाचा जन्म ९ जानेवारी २०२१ चा. जून २०२६ ला पहिलीत टाकता येईल का? नऊ दिवसांसाठी वर्ष वाया जातंय. वडील म्हणतात दाखल्यावर तारीख डिसेंबरची करून घेऊ.

उत्तर: नाही टाकता येणार. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात पहिलीला, आणि नर्सरीला तीन पूर्ण. तुमचा मुलगा जून २०२७ ला बसेल. तारीख बदलायचा विचार सोडून द्या, आता जन्माचा दाखला ऑनलाइन असतो, पूर्वीसारखं नाही की गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा वाढदिवस १ जून लावून टाकला. आमच्या घरात तिघं १ जूनची आहेत, एकाच आईची, अंतर दोन-दोन वर्षांचं!

आणि वर्ष वाया जातंय असं म्हणू नका हो. ज्याचे सहा डिसेंबरात पूर्ण होतात तो जूनमध्ये साडेपाचचाच असतो, तोच वर्गात सगळ्यात लहान, त्याचाच डबा सांडतो, त्यालाच बाई म्हणतात हा कच्चा आहे. तुमचा मुलगा वर्गातला मोठा असेल. बरंच आहे की.

प्रश्न (पारोळा): मी आजोबा लिहितोय. नातू चार वर्षांचा, हंड्रेडपर्यंत घडाघडा म्हणतो, पाहुणे आले की म्हणून दाखवतो. परवा वरण-बट्टी होती, त्याला म्हटलं तीन बट्ट्या आण, तर टोपलीतल्या मावतील तेवढ्या घेऊन आला. मग हे हंड्रेड काय कामाचं?

उत्तर: आबा, तुम्ही एका बट्टीत जे पकडलं ते युनिट टेस्टमध्ये नाही सापडत.

वन टू हंड्रेड म्हणणं हे गाणं आहे, आरती पाठ असते तसं, आरतीतल्या सगळ्या शब्दांचा अर्थ आपल्याला तरी कुठे माहीत असतो. मोजणं वेगळं. त्यात एका वस्तूला एकच आकडा लावायचा, कुठली सोडायची नाही, कुठली दोनदा मोजायची नाही, आणि शेवटी जो आकडा येतो तोच सगळ्यांचा मिळून "किती" असतो हे कळायला हवं. हे शेवटचं फार उशिरा कळतं. करून बघा, पाच बट्ट्या ओळीत ठेवा, तो एक दोन तीन चार पाच म्हणेल, मग लगेच विचारा किती आहेत, तर तो "पाच" न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. साडेतीन-चारच्या पोरांत हे अगदी कॉमन आहे, काळजीचं काही नाही, त्याला अजून ते जोडलं गेलेलं नाही इतकंच. दुसरं म्हणजे त्याच पाच बट्ट्या लांब लांब पसरून ठेवा आणि विचारा आता जास्त झाल्या का, तो हो म्हणेल, त्याला हसू नका.

तुम्ही आहातच घरी तर रोज जेवायला किती माणसं ते त्याला विचारा आणि तेवढी ताटं त्याला मांडू द्या. एक कमी पडलं तर पडू द्या, तुम्ही बसून राहा, त्याच्याच लक्षात येतं की आबाला ताट नाही. चिंचोके फोडून अष्टाचंग खेळा, सोंगटी पुढे सरकवताना आकडा बोटाला कळतो. दहाच्या आतलेच आकडे पक्के होऊ द्या, बाकीचे नव्वद कुठे पळून चाललेत.

अजून एक, मराठीतले आकडे लहान पोरांना जरा जड जातात याचं कारण आहे. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून पोरं बावन्न लिहून बसतात. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" आलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला, लोकांना वाटलं मराठी बुडाली. मला विचाराल तर पंचवीस पण शिकवा आणि कळेपर्यंत वीस आणि पाच पण म्हणा, आपल्या आज्या "वीसावर पाच" म्हणायच्याच ना, त्यांनी कुठे परवानगी घेतली होती.

प्रश्न (यावल): आमच्या घरात सगळे लेवा बोलीत बोलतो. मुलगा साडेतीनचा, केळीला केयी म्हणतो, डोळ्याला डोया. प्लेग्रुपच्या मॅडमनी बोलावून सांगितलं की घरी शुद्ध बोला, जमल्यास इंग्लिशच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. मिसेस आता त्याच्याशी शुद्ध बोलायला लागलीय, पण तिलाच जमत नाही, दोघंही गप्प गप्प झालेत. वाईट वाटतं.

उत्तर: "दोघंही गप्प गप्प झालेत" हे तुम्ही जे लिहिलंय ना ते मी तीनदा वाचलं.

आधी हे सांगते की तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाहीये. तुमच्या बोलीत ळ च्या जागी य येतो, आमच्या अहिराणीतही येतो, आणि तो नियमाने येतो, केळी असो डोळा असो काळा असो. साडेतीन वर्षाच्या पोराने हा नियम कुणी न शिकवता पकडलाय, याला मागे पडणं म्हणायचं का. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनाला "वढाय" म्हटलं ते काय आहे, वढाळच ना, तोच ळ चा य. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लिहिता येत नव्हतं, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी वगैरे उतरवून घेतलं म्हणून आपल्याला मिळालं. आज त्यांचं नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे. आणि त्याच जिल्ह्यात प्लेग्रुपमध्ये "केयी"ला बंदी! मला तर हसावं का रडावं कळत नाही.

माझं सांगते. आमच्या घरी निव्वळ अहिराणी. शाळेचा पहिला आठवडा, पाटी सापडेना, मी बाईंना विचारलं "मनी पाटी कोठे शे?" सगळा वर्ग हसला त्याचं काही नाही, पोरं हसतातच, पण बाई पण हसल्या आणि त्यांनी ते शेजारच्या वर्गातल्या बाईंना जाऊन सांगितलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी शाळेत तोंड उघडलं नाही. लघवीला जायचं तरी विचारायची नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांना वाटलं गंमत आहे.

तीन-चार वर्षांच्या पोराचं सगळं विचार करणं त्याच भाषेत चाललेलं असतं जी भाषा आईच्या तोंडी आहे. का, कसं, मग काय झालं, उद्या, परवा, याच्याखाली, त्याच्यामागे, हे सगळं आधी घरच्या भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत नुसते शब्द बदलावे लागतात. आईने मोडकं इंग्लिश बोलायचं म्हणून दिवसभरात चारच वाक्यं बोलायची, सिट डाऊन, कम हिअर, ईट फास्ट, गुड बॉय, तर त्या पोराचं इंग्लिश पण येत नाही आणि जे येत होतं ते पण थांबतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत नाहीतर स्थानिक भाषेत शिकवावं असंच लिहिलंय. धोरणात लिहिलं म्हणजे वर्गात आलं असं नाही, ते मला माहितीये, पण मॅडमशी बोलताना उपयोगी पडेल.

मॅडमशी भांडू नका. त्यांना एक साधी रीत सांगा. पोरगा म्हणाला "केयी दे", तर त्याला थांबवून "केळी म्हण, केळी" असं नाही करायचं, नुसतं म्हणायचं "केळी हवी? घे, ही छान पिकलीय बघ". त्याला हवं ते मिळालं, शाळेतला शब्द कानावर पडला, आणि अपमान झाला नाही. असं महिनाभर झालं की तो मॅडमजवळ केळी म्हणेल आणि घरी आल्यावर आजीजवळ केयी, पोरांना बरोबर कळतं कुणाशी काय बोलायचं. आणि तुमच्या मिसेसना सांगा, आज संध्याकाळपासून शुद्ध बंद. गुलाबाईची गाणी येत असतील तर म्हणा, नसतील येत तर सासूबाईंना येत असतील, यमक कानात बसलं की पुढे अक्षर ओळखायला तेच कामी येतं.

प्रश्न (भुसावळ): मोबाईल दाखवल्याशिवाय एक घास खात नाही. वय अडीच.

उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ ला सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर अजून चांगलं, आणि एक वर्षाच्या मुलांना तर अजिबात नको. पण तुमचा प्रश्न तासाचा नाहीच, घासाचा आहे. मोबाईल बघताना पोट भरलं का हे पोराला कळत नाही. दोन दिवस तो कमी खाईल, तुम्ही घाबराल, घरातलं कुणीतरी चोरून मोबाईल देईल. त्या कुणीतरीला आधी सांभाळा. त्याला तुमच्याबरोबर ताटावर बसवा, स्वतःच्या हाताने खाऊ द्या, शेवभाजीचा रस्सा सांडेल, सांडू द्या, खाली जुनं पोतं अंथरा.

प्रश्न (जळगाव): नर्सरीसाठी मुलीचा इंटरव्ह्यू घेतला. हिरव्या कार्डाचा कलर विचारला, ती म्हणाली पोपटी. मॅडमनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा पोपटी. सिलेक्शन झालं नाही. असा इंटरव्ह्यू घेता येतो का?

उत्तर: कार्ड बघितलं नाही मी, पण माझा विश्वास मुलीवर आहे, ते पोपटीच असणार. जिला हिरव्यातला पोपटी वेगळा दिसतो तिला नाकारलं, वा रे वा!

कायद्याचं असंय की शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला बंदी आहे, डोनेशनलाही बंदी आहे. पण तो कायदा मुळात ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणून नर्सरीवाले हात वर करतात की आम्ही त्यात येतच नाही. ही फट आहे आणि वर्षानुवर्षं आहे. लेखी विचारणा करा, शिक्षण विभागाकडे अर्ज करा, करायलाच हवं, पण मनाशी एक ठरवा की जी शाळा तीन वर्षांच्या पोरीला समोर बसवून पास-नापास करते तिच्याकडे पुढची तीन वर्षं मुलगी पाठवायची होती का तुम्हाला? गल्लीत अंगणवाडी असेल तर एकदा जाऊन बघा. सेविका चांगली असेल तर मी माझ्या नातीला तिथेच घालेन, आणि घातलीय.

प्रश्न (धडगाव): ताई मी अंगणवाडी सेविका. पटावर २६ मुलं, तीनची पण आणि सहाची पण एकाच खोलीत. मी शहाद्याकडची, मुलं पावरी बोलतात, मला थोडीच येते. आहार, वजन, रजिस्टर, पोषण ट्रॅकर यातच दिवस जातो. ट्रेनिंगमध्ये सांगतात शाळापूर्व शिक्षण घ्या. कधी घेऊ?

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला पण मी सगळ्यात आधी हाच लिहायला घेतला होता.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची ही योजना सुरू झाली तेव्हापासून सहा सेवा आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य आणि पोषणाचं शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. शाळापूर्वचं नेहमी मागे राहतं कारण वजन काट्यावर दिसतं, ते ॲपमध्ये भरता येतं, वरून विचारणा होते. आज किती गोष्टी सांगितल्या आणि कोण पोरगं पहिल्यांदा बोललं हे कुठल्या रकान्यात भरायचं? मी स्वतः सुपरव्हिजनला जायचे तेव्हा आधी रजिस्टर मागायचे, आता लाज वाटते.

पण अंगणवाडी हा शब्द ज्यांच्या कामातून रुळला त्या ताराबाई मोडकांनी काय केलं होतं ते बघा. भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, माँटेसरीचं सामान त्यांना माहीत होतं, पण ते महाग. १९४५ ला बोर्डीला खेड्यातलं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पोरं बालवाडीत येईनात तर यांनी बालवाडी पोरांच्या वस्तीवर नेली, कुणाच्या तरी अंगणात. येऊन आधी काय, तर आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि तेच शिक्षण, कारण त्यात पाणी ओतणं आहे, बोलणं आहे, डावा-उजवा आहे. पुढे १९५७ ला डहाणूजवळ कोसबाडला गेल्या, वारली पोरं दिवसभर गुरांमागे, मग शाळाच कुरणात नेली. सामान म्हणाल तर बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या. त्यांच्याकडे तुमच्याएवढा पगार नव्हता आणि तुमच्याएवढी रजिस्टरं पण नव्हती, हे मान्य.

तीन आणि सहा वर्षांची एकत्र आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. शहरातल्या भारी शाळा मिक्स एज ग्रुप म्हणून त्याचीच जाहिरात करतात, १९०७ ला रोममध्ये माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं त्यातही सगळी एकत्रच होती. सहाची पोरगी तीनच्या पोराला बटण लावायला शिकवते तेव्हा दोघंही शिकतात. तुम्ही फक्त तिला "तू मोठी आहेस ना" असं म्हणून दिवसभर आयाचं काम लावू नका, तिचा वेगळा अर्धा तास ठेवा, गोष्ट ऐकून मग काय झालं असेल ते तिला सांगू दे, चित्रं क्रमाने लावू दे, स्वतःचं नाव ओळखू दे.

भाषेचं काम तुमच्या मदतनीसबाईंकडे द्या. त्या बहुतेक पाड्यावरच्याच असतील. गोष्ट त्या पावरीत सांगतील, तुम्ही शेजारी बसा आणि पोरांबरोबर ऐका. मग तीच गोष्ट दोन दिवसांनी तुम्ही मराठीत सांगा, चित्रं किंवा काड्यांच्या बाहुल्या घेऊन, पोरांना गोष्ट माहीत असते म्हणून मराठी शब्द बरोबर जागेवर जाऊन बसतात. आणि रोज दोन पावरी शब्द पोरांकडून शिकायचे, मुद्दाम चुकीचे उच्चारायचे, ती इतकी हसतील आणि इतकं दुरुस्त करतील की ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नाही ती पण बोलायला लागतील. बाईला आपल्याकडून शिकायचंय हे पोरांना एकदा कळलं ना की मग बघा.

वेळेचं. वेगळा तास काढायला जाऊ नका, सापडणार नाही. आहार वाटायचाच आहे, तर अंडी नाहीतर केळी वाटताना रोज दोन पोरांची पाळी लावा, प्रत्येकाला एक, किती उरली, कोण आलं नाही. वजन करायचंच आहे तर ओळीत उभं राहून कोण जड कोण हलका ते आधी पोरांनाच ओळखू द्या, काटा नंतर बघा. हात धुताना गाणं. सीताफळाच्या बिया, टोळंबी म्हणजे मोहाच्या बिया, आंब्याच्या कोयी, बांबूच्या कांड्या पाड्यावर फुकट आहेत, लहान-मोठं लावणं, रंगाप्रमाणे वेगळं करणं, आवाज ओळखणं सगळं त्यात होतं. एक काळजी घ्या, तीनच्या आतलं धाकटं भावंडं बरोबर आलेलं असतं, त्याच्या हाती बिया देऊ नका, नाकात-कानात घालतात, घशात अडकते. सीताफळाचं बी चावलं तर बाधतं पण, आणि डोळ्याला तर फारच वाईट, म्हणून पोरांनी खेळ झाल्यावर हात धुवायचेच.

आणि सुपरवायझर आल्या की रजिस्टरच्या आधी त्यांना गोलात बसवा, एक गाणं म्हणायला लावा. मला असं एका सेविकेने बसवलं होतं. मी घामाघूम झाले होते, एकही गाणं पूर्ण येईना.

प्रश्न (शिरपूर): मुलगी पावणेचारची, सगळं डाव्या हाताने करते. घरचे हातावर चापट मारतात, प्रसादाला तरी उजवा हात कर म्हणतात.

उत्तर: चापट आजच बंद. दहातलं साधारण एक माणूस डावखुरं असतं, तो दोष नाही, मोडायची सवय नाही. प्रसादाचं म्हणाल तर दोन्ही हातांची ओंजळ करायला शिकवा, आजी पण खूश, ती पण खूश. पाटीवर बसताना तिच्या डाव्या बाजूला भिंत किंवा दुसरं मूल नको, कोपर आपटतं, कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा. कात्री मात्र डाव्या हाताची वेगळी मिळते, साधी कात्री तिच्या हातात नीट कापत नाही आणि सगळ्यांना वाटतं हिलाच जमत नाही, तेवढी एक स्टेशनरीच्या दुकानातून मागवून घ्या.